वायटोमो कमी खर्चात: रुआकुरीची फुकटची रात्र आणि तिकिटाची गुहा

आधी मुद्द्याचं सांगते. न्यूझीलंडमधे वायटोमोला ग्लोवर्म, म्हणजे अंधारात चमकणारे किडे, बघायला जायचंय आणि बजेट टाइट आहे, तर गुहेचं तिकीट नाही काढलं तरी ट्रिप फुकट जात नाही. गावापासून गाडीने पाचएक मिनिटांवर रुआकुरीची जंगलातली पायवाट आहे, तिथे अंधार पडल्यावर जा, एक पैसा लागत नाही आणि ग्लोवर्म गुहेपेक्षाही जवळून दिसतात. माझ्याकडून 5 पैकी 5.

आम्ही मे महिन्यात गेलो होतो, आई-बाबा पुण्याहून आले होते तेव्हा. ऑकलंडहून साधारण 200 किमी, अडीच तासाची ड्राइव्ह. मे-जूनमधे इथे थंडी असते म्हणून लोक टाळतात पण ग्लोवर्म वर्षभर असतात आणि थंडीचा मोठा फायदा म्हणजे सव्वापाचला सूर्य मावळतो, सहाला मिट्ट काळोख, साडेसातपर्यंत आपण फिरून जेवायला मोकळे. डिसेंबरमधे नऊ वाजेपर्यंत उजेड रेंगाळतो, लहान मुलं तोवर पेंगायला लागतात. शिवाय ऑफ सीझनला राहायला स्वस्त मिळतं. वायटोमो गाव अगदीच छोटं आहे त्यामुळे आम्ही 16 किमीवरच्या ओटोरोहांगात कॉमन किचन असलेली केबिन घेतली, तिथल्याच सुपरमार्केटमधून भाजी-दूध घेतलं, दिवसा घरून आणलेल्या दशम्या आणि चटणी, रात्री मुगाची खिचडी. बाहेर एकदाही जेवलो नाही.

आता तिकिटाची गुहा. दुपारी आम्ही मेन ग्लोवर्म केव्ह केली, कारण आई-बाबा एवढ्या लांबून परत कधी येणार. तिघांचं तिकीट आमच्या राहण्या-खाण्यापेक्षा जास्त झालं हे खरं. पाऊण तासाची टूर असते, आधी चुनखडीचे खांब आणि झुंबरं, मग उंच छताचा कॅथेड्रल नावाचा भाग आणि शेवटी बोट. बोटीला इंजिन नाही, गाइड वरचे दोर हाताने ओढत नेतो, कोणी बोलायचं नाही, आणि डोक्यावर निळसर ठिपक्यांनी भरलेलं छत. बाबा बाहेर आल्यावर बराच वेळ काही बोललेच नाहीत. फक्त बोटीचा भाग फार लवकर संपतो आणि फोटो काढायला बंदी आहे, ती मला योग्यच वाटते. 1887 मधे इथल्या मूळ रहिवासी माओरींच्या प्रमुखाने, ताने तिनोराऊने, एका इंग्रज सर्व्हेयरला सोबत घेऊन मेणबत्त्यांच्या उजेडात तराफ्यावरून ही गुहा धुंडाळली आणि 1889 पासून पर्यटकांना दाखवायला सुरुवात केली. पुढे 1906 मधे ती सरकारने घेतली आणि 1989 मधे त्याच्या वंशजांना परत दिली, आज तिथे काम करणारे बरेच जण त्याच घराण्यातले आहेत. मधे 1970 च्या दशकाच्या शेवटी गर्दी इतकी वाढली की ग्लोवर्म विझायला लागले आणि गुहा काही महिने बंद ठेवावी लागली, आता आतल्या हवेतला कार्बन डायऑक्साइड सतत मोजतात. हे ऐकल्यावर तिकिटाचं मला वाईट वाटलं नाही. जमलं तर एकदा करा, 5 पैकी 4. जवळची अरानुई गुहा सुंदर आहे असं सगळे सांगतात पण ती कोरडी आहे, तिथे ग्लोवर्म नाहीत, त्यामुळे फक्त त्यांच्यासाठी येत असाल तर तिथे पैसे घालू नका.

रात्री रुआकुरी. पाऊण तासाचा लूप आहे, ओढ्याच्या कडेने, फळ्यांचा रस्ता, छोटे पूल, एका ठिकाणी नैसर्गिक बोगदा. पायऱ्या बऱ्याच आहेत आणि ओल्या असतात, गुडघे दुखत असतील तर सावकाश, आणि चांगल्या ग्रिपचे बूट हवेतच. टॉर्चवर लाल जिलेटीन पेपर रबर बँडने लावून न्या, पावलापुरता उजेड पुरतो. आम्ही पोचलो तेव्हा पुढचा एक ग्रुप मोबाइलचे पांढरे लाइट सरळ दरडीवर मारत होता आणि त्या पट्ट्यातले ठिपके मंद होत गेले. मला खूप वाईट वाटलं. ते गेल्यावर आम्ही लाइट बंद करून पंधरा मिनिटं नुसते उभे राहिलो आणि मग एकेक करत हातभर अंतरावर दरड उजळत गेली.

आईचं माहेर अकोले तालुक्यातलं, भंडारदऱ्याकडचं. पावसाच्या तोंडावर झाडच्या झाड काजव्यांनी एकदम लागतं आणि विझतं हे तिने लहानपणापासून बघितलेलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "हे लुकलुकत का नाहीत गं?" तर कारण असं की आपला काजवा हा भुंगेऱ्यासारखा कीटक, तो जोडीदाराला खुणावतो म्हणून लुकलुकतो. ही मात्र एका छोट्या माशीची अळी आहे, माओरीत टिटिवाई, आणि ती शिकार करतेय. शेपटाकडचा दिवा सतत लावून ठेवते, खाली रेशमाचे चिकट दोरे सोडते आणि उजेडाकडे आलेले किडे त्यात अडकले की दोरा वर ओढून खाते. अळी म्हणून कित्येक महिने असं जगते, मग जी माशी होते तिला खाताच येत नाही, ती थोड्याच दिवसांत मरते. आई म्हणाली, "म्हणजे जन्मभराचं जेवण लहानपणीच."

अजून फुकटात बघायचं तर मारोकोपाच्या रस्त्यावर पंचवीसेक किमीवर मांगापोहुए नॅचरल ब्रिज आहे, 17 मीटर उंच चुनखडीची कमान, पुढे शेतातल्या दगडांत मोठ्या कालवांचे जीवाश्म. रस्ता वळणांचा आहे, दिवसाच जा आणि निघण्याआधी वाट चालू आहे ना ते ऑनलाइन बघून घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिकडे निघायच्या आधी आईला परत रुआकुरीला जायचं होतं, उजेडात. त्याच वळणावर थांबलो. आधी नुसती ओली माती आणि शेवाळ दिसलं, मग ती खाली वाकली आणि आम्हाला बोलावलं. दरडीच्या खोबणीत बोटाएवढे दोरे लोंबत होते, प्रत्येकाला ओळीने थेंब.