क्रॉपचं बटण: बरेच महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

फोन घेताना सगळे मेगापिक्सेल विचारतात, क्रॉपबद्दल, म्हणजे फोटोचा नको तो भाग कापून टाकण्याबद्दल, कोणी विचारत नाही. माझ्या मते गॅलरीच्या एडिटमध्ये कामाचं बटण हे एवढंच, बाकी फिल्टर-बिल्टर मी कधीच सोडून दिले.

परवाचंच सांगते. घरातल्या चौदा जणांचा ग्रुप फोटो, निम्मे भलतीकडेच बघतायत, दोघांचे डोळे मिटलेले, कोपऱ्यात माझं बोट. डिलीटच करणार होते, पण झूम केलं तर मागे मावशी आजीच्या कानात काहीतरी कुजबुजतेय आणि आजी तोंडावर हात ठेवून हसतेय. बाकीचे बारा जण उडवले, माझ्या बोटासकट. आजी थोडी हललीये, चेहरा ब्लर आलाय, पण खदखदून हसणारं माणूस हलणारच ना! एकदम शार्प आली असती तर पोज दिल्यासारखी वाटली असती. मी तो ब्लर तसाच ठेवला.

कापून कापून फोटो फुटणार नाही का? तर १२ मेगापिक्सेलचा फोटो साधारण ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो, लांबी-रुंदी दोन्ही निम्मी केली की २००० बाय १५०० उरतो, म्हणजे फक्त ३ मेगापिक्सेल. ऐकायला फार कमी वाटतं, पण ६ बाय ४ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयने (म्हणजे एका इंचात ३०० ठिपके) काढायला १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात. त्याच्या खाली गेलात तर मोबाईलवर बघण्यापुरताच धरा. आणि हो, चॅटवर आलेला फोटो आधीच दाबून बारीक झालेला असतो, त्याच्यावर कात्री चालवू नका, ओरिजिनल मागवा.

क्रॉप म्हणजे चीटिंग असं म्हणणारे भेटतात. क्रांतिकारक चे गव्हेराचा टीशर्टवरचा तो फोटो आठवा, क्यूबन फोटोग्राफर अल्बर्टो कोर्डाने ५ मार्च १९६० ला काढलेला. मूळ फ्रेममध्ये एका बाजूला दुसऱ्या माणसाचा चेहरा आहे आणि दुसरीकडे पामची पानं. दोन्ही कापल्यावर जे उरलं ते जगभर गेलं!

आता तक्रारी. ऑटोवाली जादूची कांडी, म्हणजे फोटो आपोआप सुधारणारं बटण, मला अजिबात आवडत नाही, ती सगळं सरळ आणि चकचकीत करत सुटते. भाचा पळतानाचा तिरका फोटो तिने सरळ केला तर पोरगं स्टॅच्यू झाल्यासारखं दिसायला लागलं, वर फोटो फिरवला की कोपरे कापले जातात, त्यात त्याचा हवेतला बूट गेला. समुद्राची रेषा मात्र वाकडी असेल तर करा बाबा सरळ, ती डोळ्यात खुपते. माणसं कापताना मनगट, गुडघा, घोटा अशा सांध्यावर कापू नका, हात-पाय तुटल्यासारखे दिसतात, कंबर किंवा मांडीच्या मध्ये चालतं.

सेव्ह करताना कॉपी म्हणून सेव्ह करा, काही ॲप सरळ मूळ फोटोवरच सेव्ह करतात.

पाचपैकी साडेचार स्टार, अर्धा त्या कांडीमुळे कापला. आजी-मावशीचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाकलाय, आणि बाकीचे बारा जण कालपासून विचारतायत की आम्ही कुठे गेलो.