टीपीएम२-टूल्समधलं ‘मेकक्रेडेन्शियल’: काम चोख, बोलणं तुटक

बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा चिपशी बोलणाऱ्या कमांडींचा संच म्हणजे टीपीएम२-टूल्स. त्यातली टीपीएम२_मेकक्रेडेन्शियल ही कमांड आपलं काम चोख करते. फक्त जमलं तर गप्प बसते आणि बिघडलं तर एखादा हेक्स (सोळाच्या पायाचा) आकडा फेकून मोकळी होते. तो आकडाही बहुतेक वेळा चूक झाली तिथे नाही, पुढच्या पायरीवर दिसतो. पाचपैकी साडेतीन गुण. कापलेला दीड सगळा या अबोलपणाचा.

हिची गरज कुणाला? समजा मुख्य कार्यालय सोलापुरात होटगी रोडला आहे आणि शाखा बार्शी, मंगळवेढा, करमाळ्याला. शाखेतल्या प्रत्येक कॉम्प्युटरला सर्टिफिकेट द्यायचंय, आणि त्याची प्रायव्हेट की (जोडीतला गुप्त भाग) हार्ड डिस्कवर नको, बोर्डावरच्या टीपीएम चिपमध्येच हवी. मग ती पेनड्राइव्हवर उचलून दुसरीकडे चालवता येत नाही. एसटीने माणूस न पाठवता हे करायचं तर अडचण एकच: मेलवर आलेली पब्लिक की (जोडीतला उघड भाग) खरंच बार्शीच्या त्या चिपमध्ये जन्मलेली आहे, हे सोलापुरात बसून ओळखायचं कसं?

चिपमध्ये एक एन्डॉर्समेंट की असते, म्हणजे ईके. तिची ओळख चिप बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, पण ती फक्त एन्क्रिप्ट केलेलं उलगडू शकते, सही करू शकत नाही. सहीसाठी दुसरी की बनवावी लागते, अ‍ॅटेस्टेशन की उर्फ एके. दोघी एकाच चिपमध्ये राहतात याचा पुरावा हवा. मेकक्रेडेन्शियल एक छोटं गुपित ईकेच्या पब्लिक भागाने बंद करतं आणि त्यावर एकेचं नाव बांधतं; हाच पुढे म्हटलेला लिफाफा. हे म्हणजे पतसंस्थेच्या लॉकरसारखं: संस्थेची किल्ली आणि खातेदाराची किल्ली एकाच वेळी लागली तरच दार उघडतं. ती ईके आणि त्याच नावाची एके एकाच चिपमध्ये हजर असल्याशिवाय गुपित बाहेर येत नाही.

शाखेतल्या मशीनवर लिनक्स हवं. उबुंटू २२.०४ मध्ये संचाची ५.२ आवृत्ती मिळते, डेबियन १२ मध्ये ५.४, दोन्हीवर काम भागतं. सुरुवातीला /डेव्ह/टीपीएमआरएम० ही फाइल दिसते का पाहा. असेंबल केलेल्या मशीनवर ती बऱ्याचदा नसते, कारण बायोसमध्ये इंटेलचं पीटीटी किंवा एएमडीचं एफटीपीएम (त्या कंपन्यांची अंगभूत टीपीएम) बंद ठेवलेलं असतं. फाइल आहे पण परवानगी नाही म्हणत असेल तर वापरकर्त्याला टीएसएस ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट होऊन परत या. प्रत्येक कमांडीपुढे सुडो लावायची सवय नको. सुडोने बनलेल्या कॉन्टेक्स्ट फाइल (की किंवा सेशनची साठवलेली अवस्था) रूटच्या नावावर जातात आणि पुढे त्याच अडवतात.

आधी टीपीएम२_क्रिएटईके, हँडल (चिपमधल्या जागेचा क्रमांक) ०एक्स८१०१०००१, अल्गोरिदम आरएसए, पब्लिक भाग ईके.पब मध्ये. मग टीपीएम२_क्रिएटएके, तिला तेच हँडल, आरएसएएसएसए सही, शा२५६ हॅश (माहितीवरून काढलेला ठरावीक लांबीचा ठसा), आणि तीन फाइल: एके.सीटीएक्स, एके.पब, एके.नेम. बोर्डावर वेगळी बसवलेली चिप आरएसए की बनवायला कधी कधी बरेच सेकंद घेते. कर्सर लुकलुकत बसला म्हणून कंट्रोल-सी मारू नका. ईसीसी निवडलं तर हे चटकन होतं. क्रिएटईकेने १४सी दिलं तर त्या हँडलवर आधीच काहीतरी बसलेलं आहे. ते कुणाचं हे टीपीएम२_रीडपब्लिकने बघा, मगच टीपीएम२_इव्हिक्टकंट्रोलने उठवा.

आता खरी ठेच. मेकक्रेडेन्शियलला एकेचं नाव फाइल म्हणून चालत नाही, हेक्स अक्षरांची सलग माळ लागते. एके.नेम मध्ये ३४ बाइट असतात: पहिले दोन ०००बी, म्हणजे शा२५६ ची खूण, आणि पुढचे ३२ म्हणजे एकेच्या पब्लिक भागाचा हॅश. हेक्समध्ये ही ६८ अक्षरं. माणूस सहज एक्सएक्सडी -पी चालवतो. पण एक्सएक्सडी या पद्धतीत एका ओळीत ३० बाइटच छापतं, त्यामुळे ६० अक्षरांची एक ओळ आणि खाली उरलेली ८ अक्षरं. पहिलीच ओळ कॉपी केली की नाव शेपटी तुटलेलं जातं, आणि मेकक्रेडेन्शियल ते बिनतक्रार घेतं! ३० बाइटचं नाव असतं का, एवढं विचारायलाही तयार नाही. लिफाफा बनतो, मेल जातो, आणि चार तासांनी करमाळ्याहून फोन येतो की उघडत नाही. उपाय एका शब्दाचा: एक्सएक्सडी -पी -सी ३४. मग ६८ अक्षरं आली का मोजा.

त्याहून बरं म्हणजे शाखेने पाठवलेल्या एके.नेम वर विसंबूच नका, मुख्य कार्यालयात नाव स्वतः काढा. एके.पब फाइलचे पहिले दोन बाइट फक्त लांबी सांगतात. टेल -सी +३ ने ते सोडून उरलेल्याचा शा२५६ काढा, पुढे ०००बी चिकटवा, झालं नाव. त्याच वेळी टीपीएम२_प्रिंटने एके.पब उघडून फिक्स्डटीपीएम, रिस्ट्रिक्टेड आणि साइन हे गुण आहेत ना, ते बघा. फिक्स्डटीपीएम नसेल तर त्या कीची चिपबाहेर जाण्याची वाट मोकळी राहू शकते. मग या सगळ्या खटाटोपाचा उपयोग काय?

सोलापूरच्या बाजूला मात्र हे टूल मन जिंकतं. कॅपिटल -टी ला नन दिलं की मेकक्रेडेन्शियलला चिप लागतच नाही, सगळं गणित सॉफ्टवेअरमध्ये होतं. म्हणजे लिफाफे बनवणारा सर्व्हर जुना असो वा भाड्याचा व्हर्च्युअल, फरक पडत नाही. -यू ला ईके.पब, -एस ला गुपिताची फाइल, -एन ला ती ६८ अक्षरं, -ओ ला क्रेड.आउट. ईके पीईएम (कीच्या मजकूर) स्वरूपात आली असेल तर कॅपिटल -जी ला आरएसए जोडा. आधी हेल्पमध्ये -जी दिसतो का तेवढं बघा.

मॅन्युअलच्या उदाहरणात गुपित म्हणून इकोने १२३४५६७८ लिहिलंय. ते नुसतं दाखवण्यापुरतं. इको शेवटी नवी ओळ जोडतो, त्यामुळे ते आठ नाही, नऊ बाइट होतात, आणि दोन्हीकडची तुलना करताना डोकं फिरतं. ओपनएसएसएल रँड ३२ ने नेमके ३२ बाइट घ्या. नेहमीच्या शा२५६ वाल्या ईकेला त्याहून मोठं गुपित झेपत नाही, आणि एईएस-२५६ ची की तेवढ्याच मापाची असते. म्हणून जमणारी पद्धत अशी: सर्टिफिकेट त्या कीने एन्क्रिप्ट करून क्रेड.आउट सोबतच पाठवायचं. शाखेला लिफाफा उघडता आला तरच सर्टिफिकेट वाचता येतं, वेगळी उलटतपासणी लागत नाही.

क्रेड.आउट ही फाइल या संचाच्या स्वतःच्या साच्यातली आहे. सुरुवातीचे चार बाइट बीएडीसीसी०डीई, पुढचे चार आवृत्तीचा आकडा. शाखेकडे गो किंवा पायथनची वेगळी लायब्ररी असेल तर हे आठ बाइट तिला कळत नाहीत. काढून द्यावे लागतात. उलट दिशेने येताना तेच जोडावे लागतात.

शाखेत उघडायचं काम टीपीएम२_अ‍ॅक्टिव्हेटक्रेडेन्शियलचं, आणि इथे पर्यायांची नावं ठेवणाऱ्याला सोलापुरी उन्हात उभं करावंसं वाटतं. एकीकडे क्रेडेन्शियल्डकी-कॉन्टेक्स्ट, दुसरीकडे क्रेडेन्शियलकी-कॉन्टेक्स्ट. फरक फक्त मधल्या ‘ड’ चा. पहिली म्हणजे एके, तिला स्मॉल सी आणि स्मॉल पी. दुसरी म्हणजे ईके, तिला कॅपिटल सी आणि कॅपिटल पी. हे कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा.

ईके साध्या पासवर्डने चालत नाही, तिला पॉलिसी सेशन लागतं, म्हणजे ठरलेली अट पूर्ण झाल्याचं दाखवणारं तात्पुरतं सत्र. टीपीएम२_स्टार्टऑथसेशनला --पॉलिसी-सेशन द्या, मग टीपीएम२_पॉलिसीसीक्रेटला -सी ई, आणि ते सेशन कॅपिटल पी ला ‘सेशन:’ लावून. झाल्यावर टीपीएम२_फ्लशकॉन्टेक्स्टने सेशन पुसा. एकदा वापरलेलं सेशन पुन्हा चालवायला जाऊ नका, त्यातली पॉलिसी वापरानंतर कोरी होते. दर प्रयत्नाला नवं सेशन.

चुकांचे आकडे टीपीएम२_आरसी_डीकोडला दिले की तो इंग्रजीत फोड करून सांगतो, पण कारण सांगत नाही. १डीएफ म्हणजे लिफाफ्याची इंटिग्रिटी जुळली नाही. दहातले नऊ वेळा वरचं तुटकं नाव, नाहीतर मधल्या काळात कुणीतरी नवीन एके बनवून जुनी फाइल झाकली. १२एफ आला तर ईकेला सेशन दिलंच नाही. ९०२ म्हणजे चिपमधली जागा भरली. टीपीएम२_फ्लशकॉन्टेक्स्ट स्मॉल -टी ने चालवा, आणि टीपीएम० ऐवजी टीपीएमआरएम० वापरा, म्हणजे कर्नल ही आवराआवर स्वतः करतो. ९८ई म्हणजे एकेचा पासवर्ड चुकला, आणि हा आकडा गमतीत घेऊ नका: दर चुकीला चिप मोजते आणि ठरावीक चुकांनंतर ९२१ देऊन कुलूप लावते.

तो मोजणीचा आकडा पासवर्ड न चुकताही वाढू शकतो, हे फार कमी जणांना माहीत असतं. अशी चुका मोजल्या जाणारी की वापरल्यावर मशीन नीट बंद न होता वीज गेली, तर पुढच्या स्टार्टअपला चिप ती एक चूक धरते. एप्रिल-मे मध्ये दुपारी लाइट जाते तिथे यूपीएस नसलेल्या मशीनवर हे मुद्दाम बघा: टीपीएम२_गेटकॅप प्रॉपर्टीज-व्हेरिएबल, त्यात लॉकआउट काउंटर. मोकळा करायला टीपीएम२_डिक्शनरीलॉकआउट --क्लिअर-लॉकआउट.

आणि हो, अडलं म्हणून टीपीएम२_क्लिअर मारायचं नाही. ईके चिपमधल्या त्याच बीजातून (कायम राहणाऱ्या मूळ आकड्यातून) परत तशीच बनते, पण ०एक्स८१०१०००१ वरची जागा रिकामी होते आणि जुनी एके कायमची जाते. त्याच मशीनवर विंडोज आणि त्याचं डिस्क-कुलूप बिटलॉकर असेल तर तो रिकव्हरी की मागत बसतो, आणि ती की कुणाच्या मेलमध्ये आहे हे शोधण्यात दिवस जातो.

मोठी उणीव अजून बाकी आहे. हे टूल ईके खरी आहे का ते बघतच नाही. कुणी एसडब्ल्यूटीपीएम नावाच्या सॉफ्टवेअर चिपची ईके पाठवली तरी लिफाफा बनतो आणि उघडतोही. म्हणून शाखेकडून टीपीएम२_गेटईकेसर्टिफिकेटने कंपनीचं सर्टिफिकेट मागवा, ते चिप बनवणाऱ्याच्या रूट सर्टिफिकेटशी ओपनएसएसएलने पडताळा, आणि त्यातली पब्लिक की ईके.पब मधल्या कीशी जुळते का ते पाहा. ही पायरी गाळली तर बाकी सगळं नाटक.

तोच एसडब्ल्यूटीपीएम सरावाला मात्र उत्तम. लॅपटॉपवर २३२१ पोर्टवर चालवा, टीपीएम२टूल्स_टीसीटीआय या व्हेरिएबलमध्ये एसडब्ल्यूटीपीएम:पोर्ट=२३२१ भरा, आणि वरच्या सगळ्या चुका एकदा मुद्दाम करून बघा.

दोन-चार मशीनच असतील आणि फक्त डिस्कचं कुलूप चिपला बांधायचं असेल तर हा पसारा नको. सिस्टमडी-क्रिप्टएन्रोल एका ओळीत ते करतं. एसएसएच (दूरच्या मशीनवर लॉगिन) साठी टीपीएम२-पीकेसीएस११ बघा. वीसेक मशीनपासून पुढे, आणि तीही वेगवेगळ्या गावांत असतील, तर मेकक्रेडेन्शियलभोवती तीसेक ओळींची शेल स्क्रिप्ट लिहून ठेवा. त्यातली पहिली तपासणी ६८ अक्षरांची असू द्या.