एक्सएफएस दुरुस्त करावा की वगळावा?

रेड हॅट ९ किंवा रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ३, ४, ५ असलेल्या जुन्या संगणकावर ग्राफिकल लॉगिन येतच नाही आणि एक्सच्या (पडद्यावर खिडक्या आणि चित्रे दाखवणाऱ्या प्रोग्रामच्या) लॉगमध्ये शेवटी ‘फिक्स्ड’ हा मूळ फॉन्ट उघडता आला नाही अशी तक्रार असते. संशय ग्राफिक्स कार्डावर जातो, पण बंद पडलेला असतो बहुधा एक्सएफएस, म्हणजे मागे चालणारा फॉन्ट सर्व्हर. या वितरणांत एक्सचा फॉन्टपाथ, म्हणजे फॉन्ट कुठून घ्यायचे तो पत्ता, सहसा ‘युनिक्स/:७१००’ एवढा एकच असतो. तो तुटला की एक्स उठत नाही.

संगणक एकटाच वापरात असेल तर एक्सएफएस वगळा. त्यावरून नेटवर्कवरची इतर एक्स टर्मिनल (दुसऱ्या संगणकावरचे प्रोग्राम दाखवणारी यंत्रे) फॉन्ट घेत असतील तर मात्र तो दुरुस्तच करायला हवा.

कोणताही पर्याय घ्या, आधी ग्रबमध्ये (संगणक सुरू होताना येणाऱ्या बूट मेनूत) कर्नलच्या ओळीअखेर ३ लिहून रनलेव्हल ३ मध्ये, म्हणजे फक्त मजकुराच्या लॉगिनवर, या, नाहीतर एक्स पुन्हा पुन्हा उठायचा प्रयत्न करून स्क्रीन लुकलुकत ठेवतो. मग लॉगमधला एरर क्रमांक पाहा. २ असेल तर सॉकेटची, म्हणजे एक्स आणि एक्सएफएस ज्यातून बोलतात ती, फाइलच नाही. १११ असेल तर फाइल आहे, पण पलीकडे ऐकणारे कुणी नाही. एक्सएफएस मरताना जुनी फाइल मागे ठेवून गेला.

दुरुस्ती. पहिली तपासणी ‘डीएफ’ या कमांडने डिस्कच्या मोकळ्या जागेची. /टीएमपी (तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर) भरले असेल तर सॉकेट तयारच होत नाही, आणि हे कारण फार वेळा सापडते. /टीएमपीची परवानगी १७७७ हवी. बॅकअपमधून फाइली परत आणल्यावर ती अनेकदा बिघडलेली असते. /टीएमपीखालच्या ‘.फॉन्ट-युनिक्स’ फोल्डरमधली एफएस७१०० फाइल काढा आणि सेवा पुन्हा सुरू करा. तरीही उठत नसेल तर /ईटीसी/एक्स११/एफएस/कॉन्फिगमधली कॅटलॉग (फॉन्टच्या फोल्डरांची) यादी वाचा: दोन फोल्डरांमध्ये स्वल्पविराम हवा, शेवटच्यानंतर नको. एखादे फोल्डर ‘वाचता येत नाही म्हणून वगळले’ असे सिस्टिम लॉगमध्ये दिसले तरी घाबरू नका, बाकीची ठीक असतील तर सेवा चालते. नेटवर्कवर फॉन्ट द्यायचे असतील तर ‘नो-लिसन = टीसीपी’ ही ओळ बंद करा आणि फायरवॉलमध्ये ७१०० पोर्ट फक्त त्या टर्मिनलांसाठीच उघडा.

वगळणे. एक्सच्या कॉन्फिगमधला ‘युनिक्स/:७१००’ काढून त्याजागी थेट फोल्डर लिहायचे. ‘मिस्क’ सर्वांत वर, कारण ‘फिक्स्ड’ आणि ‘कर्सर’ तिथेच आहेत. त्याखाली ७५डीपीआय, १००डीपीआय, टाइप१. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ५ मध्ये ही फोल्डरे /यूएसआर/शेअर/एक्स११/फॉन्ट्सखाली आहेत, त्याआधीच्यांत /यूएसआर/एक्स११आर६/लिब/एक्स११/फॉन्ट्सखाली. ट्रूटाइप हवे असतील तर मॉड्यूल विभागात ‘फ्रीटाइप’ लोड करा.

इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. एक्सएफएसची सुरुवातीची स्क्रिप्ट बदललेल्या फोल्डरांची फॉन्ट्स.डिर यादी स्वतः बनवत असे. आता ते काम तुमचे: नवा ट्रूटाइप टाकला की आधी ‘टीटीएमकेएफडिर’ वा ‘एमकेफॉन्टस्केल’, मग ‘एमकेफॉन्टडिर’ या याद्या बनवणाऱ्या कमांड चालवायच्या, आणि चालू सत्रात ‘एक्ससेट एफपी रिहॅश’. तोटाही आहे: मोठा चिनी-जपानी फॉन्ट उलगडताना एक्स सर्व्हर क्षणभर थबकतो. एक्सएफएस असताना हा भार वेगळ्या प्रोसेसवर पडे. तरी सेवा मरून लॉगिनच अडण्यापेक्षा हे परवडते. फेडोरानेही २००७ मध्ये आवृत्ती ८ पासून एक्सएफएसचा आधार सोडला.

फॉन्टकॉन्फिगला यांतला तिसरा पर्याय समजू नका. तो जीटीके२ आणि क्यूटी या लायब्ररींवर बनलेल्या प्रोग्रामांना फॉन्ट पुरवतो. मोटिफ या जुन्या लायब्ररीवरचे प्रोग्राम आणि ‘फिक्स्ड’ त्याच्या हद्दीत येत नाहीत, म्हणून अडलेला एक्स त्याने उठणार नाही. देवनागरी फॉन्ट मात्र तिथेच टाका: होममधल्या ‘.फॉन्ट्स’मध्ये ठेवून ‘एफसी-कॅश’ चालवा. एक्सएफएसमार्फत दिलेल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरे जुळत नाहीत, ते काम पँगोसारख्या लायब्ररीचे आहे.