शेळ्यांसाठी घरपोच कृत्रिम रेतन: हात चांगला, माहिती अर्धवट

पाचपैकी साडेतीन स्टार. नुसतं रेतनाचं काम बघितलं तर साडेचार दिले असते, पण बोकडाची माहिती द्यायची वेळ आली की ही मंडळी गोलमाल बोलतात, आणि दुधासाठी शेळ्या पाळणाऱ्याला नेमकी तीच तर हवी असते.

मोजक्या दुधाळ शेळ्यांसाठी घरचा बोकड ठेवणं परवडत नाही असं माझं मत. त्याला वर्षभर खायला घाला, दुधाला वास लागू नये म्हणून दुभत्या शेळ्यांपासून लांब बांधा, हे एकवेळ ठीक, पण वर्ष जायच्या आत त्याच्याच पाठी (त्याच्यापासून झालेल्या तरुण माद्या) माजावर यायला लागतात आणि बाप-लेक जोडी लागली की अंतःप्रजनन थेट २५ टक्क्यांवर जातं. मग दर थोड्या दिवसांनी बोकड बदला, नाहीतर दुसऱ्याचा आणा आणि त्याच्यासोबत त्याच्या कळपातले आजारही घरी आणा. त्यापेक्षा कांडी (गोठवलेल्या वीर्याची बारीक नळी) बरी, दरवेळी वेगळा बोकड निवडता येतो.

आता सेवेबद्दल. फोन केल्यावर पहिला प्रश्न विचारतात की माज कधी दिसला आणि सोट (माजावर योनीतून येणारा चिकट स्राव) कसा आहे, पाण्यासारखा की घट्ट पांढरट? इथेच मला माणूस जाणकार वाटला. सुरुवातीला सोट पारदर्शक असतो, तो गढूळ, घट्ट व्हायला लागला की वेळ बरोबर जुळते, साधारण माज दिसल्यापासून १२ ते २४ तासांत. माज एखाद दिवसच टिकतो आणि हुकला की पुन्हा २१ दिवस थांबा, त्यामुळे संध्याकाळी फोन केला तर सकाळी येतात का हे आधीच विचारून ठेवा. आमच्याकडे वेळ पाळली, पण सुट्टीच्या दिवशी फोनच उचलत नाहीत, शेळीला काय सुट्टी कळते का!

गोठ्यात बोकड नसला की माज ओळखणं अवघड जातं, काही शेळ्या ओरडत नाहीत, नुसती शेपटी हलवतात आणि दूध जरा कमी देतात. त्यावर ह्यांनीच युक्ती सांगितली, बोकडाच्या शिंगांमागे वासाच्या ग्रंथी असतात तिथे घासलेलं फडकं बरणीत घट्ट बंद करून ठेवायचं आणि रोज शेळ्यांना हुंगायला द्यायचं, माजावरची लगेच शेपटी हलवत चिकटते. मस्त चालतं.

कामात स्वच्छता आहे. कांडी नायट्रोजनमधून म्हणजे उणे १९६ अंशातून काढून थेट कोमट पाण्यात, आणि पाणी बोटाने नाही तर थर्मामीटरने बघतात, ३५ ते ३७ अंश. गन (कांडी आत सोडायची लांब नळी) घालताना घाई नाही. शेळीच्या गर्भाशयाच्या तोंडाला आतून कड्या असतात, त्यातून गन पूर्ण पलीकडे दरवेळी जात नाही, पहिलटकर पाठींत तर फारच अवघड, आणि कांडी जितकी बाहेर सुटेल तितकी गाभण राहायची शक्यता कमी. म्हणून नैसर्गिक भरण्याएवढा रिझल्ट धरून चालू नका. हे त्यांनी स्वतःहून आधी सांगितलं ते आवडलं. उलटली, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आली, तर २१ दिवसांच्या आसपास कळतंच, पण खात्रीसाठी ४०-४५ दिवसांनी सोनोग्राफी करा, ती ह्यांच्याकडे नाही, दुसरीकडून करून घ्यावी लागते. गाभणकाळ १५० दिवसांचा आणि विण्याआधी दोन महिने शेळी आटवायची (दूध काढणं बंद करायचं) असते, तारीखच माहीत नसेल तर आटवणार कधी?

आता तक्रार. बोकड निवडताना फोटो दाखवले, उंची सांगितली, कान किती लांब ते सांगितलं, आणि आईच्या दुधाचं विचारलं तर एका दिवसाचा लिटरचा आकडा फेकला. कितव्या वेताचा, व्याल्यावर कितव्या दिवसाचा, आणि त्या वेतात एकूण किती दिवस दूध दिलं ह्याला उत्तर नाही. अहो, व्याल्यावर महिना-दीड महिन्यात सगळ्याच शेळ्या दुधाला चढतात, नंतर टिकते कोण ते महत्त्वाचं. बोकड स्वतः दूध देत नाही, त्याची किंमत त्याच्या आईच्या आणि पोरींच्या नोंदीवरच ठरणार ना. कास कशी आहे, सड दोनच आहेत की जास्तीचे, बोकडाची ब्रुसेला (गाभ टाकायला लावणारा संसर्गजन्य रोग) तपासणी झालीय का, हेसुद्धा मागितल्याशिवाय मिळालं नाही आणि तपासणीचा कागद तर नंतर पाठवतो म्हणाले तो आलाच नाही.

अजून एक. यादीत बिनशिंगी बोकड मोठ्या कौतुकाने पुढे करतात. शिंगं जाळायचा त्रास वाचतो हे खरं, पण तुमची शेळीही बिनशिंगी असेल तर तो बोकड घेऊ नका. दोन्हीकडून बिनशिंगीपणाचा जीन आला की मादी करडू धड मादी राहत नाही, वांझ निघतं. सानेनसारख्या दुधाळ जातीत बिनशिंगी जनावरं बरीच दिसतात म्हणून मुद्दाम लिहितोय.

ज्यांना सकाळ-संध्याकाळ शेळ्यांकडे बघायला वेळ आहे त्यांनी ही सेवा जरूर घ्या, बाकीच्यांनी भरवण्यापुरता चांगला, तपासलेला बोकड शोधलेला बरा. घेणार असाल तर बोकड माजाच्या आधीच ठरवून ठेवा, ऐन वेळी डब्यात जी कांडी असेल ती लावतात. आणि रिकामी कांडी फेकू देऊ नका, तिच्यावर बोकडाचा नंबर छापलेला असतो, तो वहीत उतरवून घ्या म्हणजे पुढे त्याच्याच पोरीला त्याचीच कांडी लागणार नाही.