मान्यताप्राप्त युनियनची सेवा : एका सभासदाचा अभिप्राय

आमच्या कारखान्यातील मान्यताप्राप्त, म्हणजे सर्व कामगारांच्या वतीने बोलणी करणाऱ्या, युनियनचे वेतनकराराचे काम उत्तम आहे. मागणीपत्र तयार करताना कमिटीने प्रत्येक खात्यात येऊन विचारणा केली आणि महागाई भत्त्याची आकडेमोड सूचना फलकावर लावली. एका सहकाऱ्यावर आरोपपत्र आले, तेव्हा अंतर्गत चौकशीत त्याच्या बाजूने बसलेल्या प्रतिनिधीने हजेरीपत्रक आणि मशीनची नोंदवही समोर ठेवून, आरोपातील तारखेला तो त्या मशीनवर नव्हताच, हे दाखवून दिले. तो सहकारी सभासदही नव्हता.

माझी तक्रार आहे ती सभासद नोंदणीविषयी. करारानंतर नव्याने कायम झालेल्या मुलांना, वर्गणीची पावती फाडल्याखेरीज फरकाची (वाढीव पगाराच्या थकबाकीची) रक्कम मिळणार नाही, असे सांगून त्यांच्याकडून अर्ज भरून घेण्यात आले. बहुसंख्य कामगार आपल्याकडे आहेत, तेव्हा उरलेल्यांनीही आलेच पाहिजे, असे समर्थन गेट मीटिंगमध्ये करण्यात आले. करार सर्वांना लागू होतो, मग वर्गणी काहींनीच का भरावी, हा युनियनचा प्रश्न रास्त आहे. पण त्यावरून फार तर करारखर्चातील वाटा मागता येईल; सभासदत्वाची सक्ती करता येणार नाही.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यानुसार मान्यतेसाठी अर्जापूर्वीचे सलग सहा महिने किमान ३० टक्के कामगार सभासद असावे लागतात, आणि दुसरी युनियन समोर आली तर कोणाकडे अधिक सभासद आहेत हे पाहिले जाते. म्हणजे कामगारांचा कौल सभासद नोंदवहीतूनच मोजला जातो. त्याच नोंदवहीत धाकाने नावे भरली, तर ज्या बहुमताच्या जोरावर सक्ती करायची ते बहुमतच खरे आहे की नाही, हे तपासण्याचे साधन उरत नाही. म्हणूनच सभासद होण्यासाठी जबरदस्ती करणे हा कायदा अनुचित प्रथा मानतो.

कागदावरचे प्रतिनिधित्व आणि कामगारांचे मन यांत अंतर पडले की काय होते, हे गिरणगावाने १९८२ मध्ये भोगले आहे. सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर असतानाही, १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यामुळे बोलणी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघ या दुसऱ्या, त्या कायद्याने मान्य युनियनकडेच राहिला. तो कायदा रद्द करावा, ही संपातील एक प्रमुख मागणी होती. तिथे वाद सभासदत्वाच्या सक्तीचा नव्हता, तरीही एवढी कोंडी झाली.

नव्या कामगाराने या युनियनचे सभासद जरूर व्हावे, असेच मी सांगेन. माझी वर्गणीही चालू राहील. मात्र अर्ज घेताना फरकाच्या रकमेचा उल्लेखही होऊ नये, आणि बिगरसभासदांकडून करारखर्चापोटी काही घ्यायचे असल्यास ते त्यांच्या लेखी संमतीने घेऊन त्याचा हिशेब फलकावर लावावा, अशी लेखी मागणी मी कमिटीकडे दिली आहे.