कृष्णद्रव्य आणि श्रद्धा: न दिसणाऱ्या दोन गोष्टी

कृष्णद्रव्य, म्हणजे विश्वात असावे असे वैज्ञानिक मानतात ते न दिसणारे द्रव्य, ज्याला आपण सर्रास डार्क मॅटर म्हणतो, आजवर कोणी पाहिलेले नाही. देवही कोणाला दाखवता येत नाही. मग कृष्णद्रव्य मानणारा वैज्ञानिक आणि देव मानणारा भाविक यांच्यात फरक तो काय, असे मनापासून विचारणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांचा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ज्यांना यावर स्वतःचे मत बनवायचे आहे त्यांच्यासाठी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहतो. ‘दिसत नाही’ या मुद्द्यावर ही तुलना टिकत नाही असे मला वाटते. दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र ती वैज्ञानिकांना खरोखरच अडचणीत आणते.

आपल्याकडच्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या तत्त्वज्ञांनी, प्रत्यक्षाबरोबर अनुमान हेही प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानले. डोंगरावर धूर पाहून तिथे अग्नी आहे असे म्हणणारा त्यांच्या लेखी श्रद्धाळू नव्हता, कारण स्वयंपाकघरात धूर आणि अग्नी एकत्र असल्याचे त्याने पाहिलेले असते. कृष्णद्रव्य हे अशाच अनुमानाचे प्रकरण आहे. (‘कृष्ण’ हा शब्द तसा फसवाच, हे द्रव्य काळे नाही, प्रकाश त्यातून आरपार जातो.) सूर्यमालेत बुध सेकंदाला सुमारे 47 किलोमीटर वेगाने फिरतो आणि नेपच्यून जेमतेम साडेपाच, कारण वस्तुमान मध्यभागी एकवटलेले असले की दूरच्याची गती मंदावते. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी देवयानी (अँड्रोमेडा) या दीर्घिकेतील, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समुदायातील, 67 तेजस्वी वायुमेघांचे वर्णपट घेतले, त्यांतील रेषा किती सरकल्या आहेत यावरून प्रत्येक मेघाचा वेग काढला आणि 1970 मध्ये तो प्रसिद्ध केला. बाहेरच्या मेघांचा वेग अपेक्षेप्रमाणे घसरला नव्हता. पुढे हायड्रोजनच्या रेडिओ निरीक्षणांत, तारे जवळपास संपतात त्याच्याही पलीकडे, वेग तसाच राहिलेला आढळला. हा झाला धूर; बाहेरच्यांना ओढून धरणारे न दिसणारे द्रव्य हा त्यावरून अनुमानलेला अग्नी.

या अनुमानातील व्याप्ती, म्हणजे धूर आणि अग्नी यांना जोडणारा नियम, अशी की गुरुत्वाकर्षणाचा जो नियम आपण सूर्यमालेत तपासला तोच दीर्घिकेच्या कडेलाही लागू आहे. शंका घ्यायची तर ती इथेच घेतली पाहिजे, आणि भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिलग्रोम यांनी 1983 मध्ये नेमकी तीच घेतली: अतिशय कमी त्वरणाला नियमच बदलत असेल तर अदृश्य द्रव्याची गरज उरत नाही. दीर्घिकांच्या वेगांचा हिशोब त्यांच्या सूत्राने आश्चर्य वाटावे इतका चांगला जुळतो. दीर्घिकासमूहांत मात्र ते सूत्र लावूनही वस्तुमान कमीच पडते. शिवाय 2006 मध्ये बुलेट क्लस्टरचे पुरावे पुढे आले. तिथे दीर्घिकांचे दोन समूह एकमेकांतून आरपार गेले आहेत. साध्या द्रव्याचा मोठा वाटा असलेला तप्त वायू एकमेकांवर आदळून मध्ये रेंगाळला आहे आणि त्याचे क्ष-किरण चंद्रा दुर्बिणीने टिपले. पण मागील दीर्घिकांचा प्रकाश किती वाकतो यावरून काढलेले बहुतेक वस्तुमान वायूपाशी नाही, तर पुढे निघून गेलेल्या दीर्घिकांच्या आसपास आहे, म्हणजे ते साध्या द्रव्यापासून वेगळे पडलेले दिसते.

श्रद्धेकडे येताना तिला हीच मोजपट्टी लावणे मला अन्यायाचे वाटते. नैयायिकांनी ईश्वरही अनुमानाने सिद्ध करण्याचा प्रयत्न केला हे खरे, पण त्या अनुमानातून अमुक ठिकाणी अमुक इतके असा आकडा निघत नाही, आणि भक्ताला तो नकोही असतो. कृष्णद्रव्य साध्या द्रव्याच्या सुमारे पाचपट आहे, हे प्रमाण विश्वाच्या आरंभीच्या प्रारणावरूनही निघते आणि ते वेगळे निघाले असते तर सिद्धांत कोसळला असता. पाऊस लांबला म्हणून वारी चुकवावी असे वारकऱ्याच्या मनात येत नाही. त्याची श्रद्धा म्हणजे पावसाचे भाकीत नव्हे, तर आयुष्यभर जोडलेले नाते आहे. धार्मिक दावा निरीक्षणाच्या अंगणात उतरला, जसा 1995 च्या सप्टेंबरमध्ये गणपती दूध पितो असा उतरला होता, तर त्याची परीक्षा करता येते. पण त्या परीक्षेचा निकाल काहीही लागला तरी खऱ्या भाविकाचा गणपती तिथे पणाला लागलेला नसतो.

वैज्ञानिक कृष्णद्रव्य श्रद्धेने मानतात असे ज्यांना वाटते त्यांनी इटलीतील ग्रान सासोच्या भूमिगत प्रयोगशाळेतील ‘डामा’ प्रयोगाची हकीकत पाहावी. सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत वर्षाच्या ऋतूंबरोबर कमीजास्त होणारा संकेत आपल्याला मिळतो, आणि पृथ्वी कृष्णद्रव्यातून फिरत असल्याची ती खूण आहे, असे हा गट 1990 च्या दशकापासून सांगत आला आहे. श्रद्धेच्या भाषेत याला दर्शन म्हटले असते. वैज्ञानिकांच्या ज्या समाजाला कृष्णद्रव्य हवेच आहे त्या समाजाने ते दर्शन स्वीकारले नाही. तोच पदार्थ वापरून दक्षिण कोरियात ‘कोसाइन’ आणि स्पेनमध्ये ‘अनाइस’ हे प्रयोग उभे राहिले आणि त्यांना तसा संकेत आढळला नाही.

आपण वाचक यातले काहीच स्वतः मोजत नाही. आपल्यापुरते कृष्णद्रव्य हे आप्तवचनच, म्हणजे जाणकाराच्या शब्दावर मानलेले, आहे आणि ते कबूल केले पाहिजे. एवढेच की या आप्तवचनाच्या मागची निरीक्षणे खुली आहेत आणि ज्याची तयारी आहे त्याला त्या वाटेने शेवटपर्यंत जाता येते.

आता अडचणीचा मुद्दा. फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ लव्हेरिए यांनी युरेनसच्या विचलनावरून न पाहिलेल्या ग्रहाची जागा सांगितली आणि 23 सप्टेंबर 1846 रोजी बर्लिनच्या वेधशाळेत नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आत सापडला. त्याच पद्धतीने त्यांनी 1859 मध्ये बुधाच्या कक्षेतील फरकासाठी सूर्याजवळ आणखी द्रव्य असले पाहिजे असे मांडले आणि लवकरच त्या कल्पित ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळाले. तो ग्रह नव्हताच. 1915 मध्ये आइन्स्टाइन यांनी गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलला आणि फरक सुटला. लव्हेरिए 1877 मध्ये वारले तोवर त्यांचा व्हल्कनवरचा विश्वास ढळला नव्हता. कृष्णद्रव्य नेपच्यून आहे की व्हल्कन, हे आज ठरलेले नाही. माझा कल नेपच्यूनकडे आहे, कारण पुरावे एकमेकांशी संबंध नसलेल्या दिशांनी आले आहेत.

पण अमेरिकेत साउथ डकोटात सुमारे दीड किलोमीटर खोल जमिनीखाली, सात टन द्रवरूप झेनॉन घेऊन त्यावर कण आदळण्याची वाट पाहत बसलेल्या ‘लक्स-झेपलिन’ या प्रयोगाला 2024 पर्यंत जाहीर झालेल्या 280 दिवसांच्या नोंदींत कृष्णद्रव्याचा कण सापडला नाही. प्रत्येक रिकाम्या निकालानंतर कण साध्या द्रव्यावर आणखी क्वचित आदळत असेल असे म्हणता येते, आणि किती वेळा रिकाम्या हाताने परतल्यावर ही कल्पना सोडायची हे कोणी आधी ठरवलेले नाही. तुलना करणाऱ्याने बोट ठेवावे ते इथे. या शोधालाही एक मर्यादा आता जवळ आली आहे: ही यंत्रे इतकी संवेदनशील झाली आहेत की सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनो या जवळपास कशालाही न अडणाऱ्या कणांच्या खुणा त्यांत दिसू लागल्या आहेत, आणि त्या धुक्याच्या पलीकडे याच रीतीने कण शोधणे फार अवघड होत जाणार आहे.