बेळगावातील उन्हाळी गर्भविज्ञान प्रशिक्षण: एक अभिप्राय

गेल्या मे महिन्यात बेळगाव शहरातील एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी चार आठवड्यांचे निवासी संशोधन प्रशिक्षण घेतले. मी त्यात निपाणीहून सहभागी झाले होते. कोंबडीच्या गर्भाच्या आकृत्या मी परीक्षेसाठी कितीतरी वेळा काढल्या होत्या, पण जिवंत गर्भ एकदाही पाहिला नव्हता. ही उणीव या प्रशिक्षणाने पहिल्या तीन दिवसांतच भरून काढली.

दुकानात मिळणारी पोल्ट्रीची अंडी सहसा फलित नसल्यामुळे या कामाला चालत नाहीत. म्हणून खानापूर तालुक्यात, जिथे कोंबड्यांबरोबर कोंबडाही मोकळा फिरतो अशा घरांतून, गावठी अंडी आणली जात. सुमारे 38 अंश सेल्सिअस तापमानात उबवलेल्या अंड्यात 33 ते 38 तासांच्या सुमारास सोमाइटच्या दहा जोड्या दिसतात. पुढे ज्यांतून मणके आणि पाठीचे स्नायू घडतात ते हे खंड. याच सुमारास हृदयाची साधी नळी आकसू लागते. सूक्ष्मदर्शकाखाली ती हालचाल प्रथम दिसली तेव्हा आमच्या टेबलावर बराच वेळ कोणीच बोलले नाही.

प्रशिक्षणाचा खरा कस लागला तो गर्भवैज्ञानिक डेनिस न्यू यांनी 1955 मध्ये मांडलेल्या, गर्भ कवचाबाहेर वाढवण्याच्या संवर्धन पद्धतीत. पिवळ्या बलकावरचे पातळ पटल मध्यावरून गोलाकार कापायचे, ते गर्भासह अलगद सोलून घड्याळकाचेत, म्हणजे काचेच्या उथळ बशीत, ठेवायचे, त्यावर काचेचे कडे बसवून पटलाच्या कडा कड्यावर दुमडायच्या आणि पटलाखाली पातळ पांढरा बलक सोडायचा. एवढे जमले की गर्भ कवचाबाहेर आपल्या डोळ्यांसमोर वाढतो. माझी पहिली अकरा पटले फाटली. आमच्या मार्गदर्शक बाई शेजारी बसून एवढेच म्हणाल्या, "फाटू दे गं, पण कुठं फाटलं आणि तेव्हा चिमटा कसा धरला होतास, ते वहीत लिही." बाईंनी हे तंत्र पुण्यात आत्मसात केले होते. गर्भवैज्ञानिक लीला मुल्हेरकर यांच्यापासून पुणे विद्यापीठात कोंबडीच्या गर्भावरील प्रयोगांची जी परंपरा रुजली, तिचा लाभ त्यांच्यामार्फत आम्हा सीमाभागातील मुलांना झाला, याचे मला फार मोल वाटते.

व्यवस्थेतील एक त्रुटी मात्र गंभीर होती. दुसऱ्या आठवड्यात वळवाच्या पावसात रात्री वीज गेली आणि उबवणपेटीला पर्यायी वीजपुरवठा नसल्याने पहाटेपर्यंत ती थंड पडली. सगळ्या अंड्यांची वाढ मागे राहिली आणि तासांवर बेतलेले आमचे वेळापत्रक कोलमडले. तेव्हा बाईंनी तासांचा हिशेब बाजूला ठेवायला लावून हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन या शास्त्रज्ञांनी 1951 मध्ये केलेल्या, कोंबडीच्या गर्भवाढीच्या 46 अवस्थांच्या तक्त्यावरून प्रत्येक गर्भाची अवस्था ठरवायला शिकवले. गर्भाचे वय घड्याळावरून नव्हे, तर त्याच्या रचनेवरून ओळखायचे असते, हे मला त्या दिवशी पक्के कळले. तरीही मे महिन्यात बेळगावला वळीव येतो हे काही नवे नाही, आणि त्याची तजवीज आयोजकांनी आधीच करायला हवी होती.

शेवटच्या आठवड्यात प्रत्येक जोडीला स्वतःचा प्रश्न निवडायचा होता. गोकाकची माझी सहाध्यायी आणि मी, तापमान दोन अंशांनी उतरवल्यास सोमाइट किती मागे पडतात हे मोजायला घेतले. कोंबडीत साधारण दर 90 मिनिटांनी एक नवी जोडी तयार होते, त्यामुळे मोजणी सोपी वाटली होती. प्रत्यक्षात गावठी अंडी वेगवेगळ्या दिवशी घातलेली असल्याने सगळ्यांची सुरुवातच सारखी नव्हती. हे लक्षात येईपर्यंत दोन दिवस गेले आणि हाती जेमतेम सहा गर्भांची मोजमापे राहिली, ज्यांवरून ठाम काही म्हणणे प्रामाणिकपणाचे झाले नसते. अमेरिकेत वुड्स होल येथे 1893 पासून चालत आलेला गर्भविज्ञानाचा उन्हाळी वर्ग सहा आठवड्यांचा असतो. येथे निदान पाचवा आठवडा तरी वाढवावा आणि अंडी घातल्याची तारीख कवचावर लिहूनच ती स्वीकारावीत.

व्याख्याने इंग्रजीत झाली, पण टेबलावरची चर्चा मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत मोकळेपणाने चाले. राहण्याजेवणाची सोय साधी आणि स्वच्छ होती. ज्यांना केवळ प्रमाणपत्र हवे आहे त्यांनी या चार आठवड्यांच्या वाटेला जाऊ नये, कारण पेटीतील अंड्यांची वेळ भरली की रात्री दोन वाजताही उठावे लागते. माझी ती वही, अकरा फाटलेल्या पटलांच्या नोंदींसह, मी पुढच्या तुकडीसाठी विभागात ठेवून आले आहे.